चारशे बारा जबडे

मी कवळ्या बनवते, घराच्याच मागच्या खोलीत. चौदा वर्षांत चारशे बारा तोंडांची मापं कॉम्प्युटरात जमली, पण एकाही फाइलला मी नाव दिलेलं नाही. स्कॅनर देतो तो आकडा राहू देते. फाइलवरचं छोटं चित्र बघितलं की जबडा कोणाचा ते मला कळतं. नवऱ्याला हा गबाळेपणा वाटतो.

नवरा निवृत्त आहे, म्हणजे दिवसभर घरात आहे. त्याने माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स चढवलं आणि फाइली उघडून दाखवणारा एक हलकासा फाइल मॅनेजर बसवला. त्यातलं हवं ते बदलता येतं, म्हणून एक रविवार घालवून त्याने सगळंच बदललं. बटणं काढली, रंग बदलले, डिलीटला मेनूतून हाकलून दिलं. "बघ, डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो!" मी कौतुक केलं. संसारात करावं लागतं.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंची कवळी बेसिनमध्ये पडली. तीन तुकडे झाले, त्यातला एक पाण्याबरोबर गेला.

नेमकी त्याच दिवशी पडायला नको होती. त्यांची जुनी मैत्रीण संध्याकाळी पाचच्या बसने कायमची लेकीकडे निघाली होती. दोघींचा अकरा वर्षं अबोला. तो सोडायला सासूबाई जाणार होत्या.

"अशी नाही जायची मी," त्या तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या. "हसेल ती."

"माप आहे ना, आई. दोन-तीन तासांत थ्रीडी प्रिंटरवर नवी छापते."

फोल्डर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. समोर चारशे बारा करडे चौकोन.

"चित्रं कुठायत?"

"बंद केली," नवरा म्हणाला. "त्यांच्यामुळेच तर जड व्हायचं."

तारखेवरून शोधावं, तर त्याने फाइली नव्याने उतरवलेल्या, त्यामुळे सगळ्यांची तारीख त्याच्या त्या रविवारची. मला भयंकर राग आला. तो मी गिळला, कारण पासवर्ड त्याच्याकडे होता.

त्याने चित्रं परत चालू केली. एक वाजला होता. म्हातारं यंत्र एका जबड्याला दहा सेकंद घेत होतं. आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो. "हे पोस्टमास्तर. या शिवणवाल्या बाई. हे गेले बिचारे," मी सांगत गेले.

मग पुढच्या दोन दातांत फट असलेली एक कवळी आली आणि मी जीभ चावली. सासूबाई पुढे झुकल्या.

"तिची?"

"हो. सात वर्षं झाली. मागच्या दाराने यायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

"आणि?"

"दर वेळी तुमची चौकशी करायच्या."

सासूबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. जबडे येतच होते.

"ही आई," नवरा एकदम म्हणाला. वाकडा सुळा त्याने माझ्याआधी ओळखला. पावणेदोन झाले होते.

साडेचारला कवळी तोंडात होती. अजून घासायची राहिली होती, पण थांबतंय कोण. बसस्टँडवर मैत्रीण बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी.

सासूबाई तरातरा पुढे गेल्या. "माझ्या घरातून दात न्यायला जमतं, आणि मला भेटायला पाय मोडले होते गं तुझे?"

मैत्रिणीने तोंड उघडलं. फट दिसली. "तू तरी कधी हाक मारलीस?"

दोघी बाकावर बसल्या. मी मैत्रिणीची बॅग बसमधून उतरवून घेतली आणि त्या बॅगेवरच टेकले. पाचची बस गेली. सातचीही गेली.