लिव्हियाच्या आवाजाचे रीळ

मित्रांनो, आंबूस वास आला म्हणून लगेच नाक मुरडू नका. मी एका चित्रपटाचे जुने रीळ आहे. सत्तर वर्षांपूर्वी रोममध्ये माझा जन्म झाला. लिव्हिया मोरांदी ही माझी नायिका.

लिव्हिया धोबिणीची मुलगी. चेहरा देखणा, पण आवाज घोगरा. त्या काळी तिकडे पडद्यावर चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा, असा कारभार सर्रास चाले. लिव्हियाने बारा चित्रपट केले. अकरांमध्ये तिच्या तोंडून दुसरीच कुणी गोड गळ्याची बाई बोलली. बारावा मी. माझ्यातल्या एका प्रसंगात ती आईला हाक मारते, तिथे दिग्दर्शकाने हट्टाने तिचाच आवाज ठेवला. ती हाक ऐकून थिएटरात लोक रडत. मला तेव्हा केवढा तोरा होता!

पुढे तिला कामे मिळेनाशी झाली. जहाज कंपनीतल्या नवऱ्याबरोबर ती सिंगापूरला आली आणि येताना मलाही घेऊन आली. म्हातारपणी ती तिथल्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती. शेजारी पुण्याचे पद्माकर आणि शुभदाताई. आठ वर्षांपूर्वी नर्सिंग होममध्ये जाताना तिने मला पद्माकरांच्या हाती सोपवले.

"हा माझा आवाज आहे," ती म्हणाली. "मरण्यापूर्वी एकदा ऐकायचाय."

"जिवापाड सांभाळीन," पद्माकर म्हणाले.

सांभाळले हो, तिथेच तर घात झाला. पुण्याहून विमानाने लोणच्याची बरणी आणताना बांधतात, तसे त्यांनी मला बांधले. डब्यावर तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वर चिकटपट्टीचे वेढेच वेढे. मग इकडे घरोघरी असते तसल्या बॉम्ब शेल्टरच्या खोलीत, जाड पोलादी दाराआड, लोणच्यांच्या शेजारी ठेवून दिले. आमची जातच अशी, की कोंडले तर आतून आंबत जाते. मी आंबू लागलो.

"अहो, कैरीचं लोणचं बिघडलं वाटतं," शुभदाताई म्हणाल्या. बरणी गेली. पुढच्या वर्षी बिचारे लिंबाचे लोणचे गेले. माझा संशय कुणालाच आला नाही, इतके मला छान बांधले होते!

गेल्या महिन्यात लिव्हियाला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. तिने कागदावर एकच शब्द लिहिला, 'आवाज'. पद्माकर धावत घरी आले. कात्रीने चिकटपट्टी कापली.

"आजोबा, सो स्मेली लाह!" नात जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

जुनी रिळे दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मुलीने मला हळूच उचलले, तर माझा तुकडाच पडला. "हे आकसलंय. मशीनमध्ये घातलं तर चुरा होईल."

"पण मी तर कधी उघडलंसुद्धा नाही!"

"तेच चुकलं, अंकल."

पद्माकर मला घेऊन लिव्हियाकडे गेले. त्यांनी डबा तिच्यापुढे उघडला. तिने माझा एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. त्यात बावीस वर्षांची ती आईला हाक मारत होती. तिने बराच वेळ पाहिले. मग तिचेही ओठ उघडले. आवाज तिलाही फुटला नाही आणि मलाही.

पद्माकर लहान मुलासारखे रडले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या डब्याला झाकण लावले नाही. आता त्याचा काय उपयोग?

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा आवाज जपून ठेवलेला असेल, तर तो आजच काढा. ज्याचा आहे, त्याच्या शेजारी बसून ऐका.