कुंडीचा आवाज

आईचा लाडका शब्द एकच, दगडी. उशी कडक लागली की दगडी, कपाट दणकट निघालं की तेही दगडी, आणि नवरा तर लग्न झाल्यापासून नखशिखांत दगडी. दगड घडवणाऱ्याच्या घरात शब्दांची आणखी काय श्रीमंती असणार!

त्या सकाळी नवऱ्याची रजई सापडत नाही म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. धाकट्या लेकीचं तिकडे लक्ष नव्हतं. शाळेच्या अंगणात पक्ष्यांना पाणी ठेवायची कुंडी तिने एकटीने घडवली होती, आणि आज बाबा ती वाजवून बघणार होते.

घरच्या कारखान्याची रीतच तशी. तयार दगडावर बाबा लाकडी मोगरीने ठोकायचे. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत भेग आहे असं समजून त्याची खडी करायची. कुंडी पास झाली तर पुढचं काम धाकटीच्या एकटीच्या हाती, नाहीतर पुन्हा पायऱ्या घासणं नशिबी.

बाबांनी मोगरी उचलली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी ठोकलं.

आवाज बद्द आला.

दुसऱ्या बाजूनेही तसाच. धाकटीचे डोळे भरून आले. डबा घेऊन आलेली आई दारातच थबकली.

"अहो, काहीतरी बोला. असे दगडी होऊन काय उभे राहिलात?"

निदान भेग तरी दिसेल म्हणून धाकटी नाक पुसत खाली वाकली. कुंडीच्या बुडाखालून धुळीने माखलेलं फुलाफुलांचं कापड डोकावत होतं.

"आई, बाबांची रजई सापडली."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काल तू गेल्यावर घातली खाली," ते पुटपुटले. "काठाचा टवका उडायला नको म्हणून. सकाळी डोक्यातच राहिलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

मऊ अंथरुणावर बसलेला दगड वाजणार कसा? जन्म दगडात गेलेल्या माणसाला एवढं सुचू नये! आई हसत सुटली आणि धाकटीही रडता रडता हसू लागली. तिघांनी मिळून कुंडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली.

बाबांनी मोगरी लेकीपुढे धरली. "तूच वाजव."

कुंडी अशी खणखणली की छपरावरची कबुतरं उडाली. बाबांनी रजईच्या टोकाने डोळे टिपले.

"डोळ्यात धूळ गेली," ते म्हणाले.

"हो तर," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने 'दगडी' हा शब्द फक्त कपाटासाठी ठेवला.