डोंगराआडचा झीलकरी

मित्रांनो, त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या कोंडाजींच्या घराच्या पत्र्यावर, लोखंडी पाइपाला आवळून बांधलेला एक जुना करडा डबा तुम्हाला दिसेल. चिमण्या त्याच्यावर खुशाल बसतात. तो डबा म्हणजे मी. मला रिपीटर म्हणतात.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. थर्मोकोलच्या गादीत मी बरेच दिवस झोपून होतो. मग सातपूरच्या एका गोदामात जाग आली आणि शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकला. तिथून कंपनीच्या दिनेशने मला मोटरसायकलवर बांधून इथे आणलं. टॉवर डोंगरापलीकडे, त्यामुळे वाडीत फोन म्हणजे नुसतं खेळणं होतं. दिनेशने मला कान दिला आणि तोंड दिलं. डोंगराच्या खिंडीकडे वळवलेला मोठा अँटेना हा माझा कान, आणि खाली घरांकडे केलेला छोटा अँटेना हे तोंड. टॉवरचं ऐकून वाडीला सांगायचं आणि वाडीचं टॉवरला, एवढंच माझं काम.

"बाबा, ह्याला हात लावू नका," दिनेश कोंडाजींना म्हणाला. "बारीक ऐकू आलं की हा आवाज वाढवतो, मोठं ऐकू आलं की कमी करतो. तोल त्याचा तो सांभाळतो."

कोंडाजी हसले. "म्हंजी झीलकरीच की! बुवाचं ऐकायचं अन् मग म्हणायचं. बुवाच्या वर आवाज नाय काढायचा."

कोंडाजी स्वतः चाळीस वर्षं भजनातले झीलकरी. बुवांनी म्हटलेली ओळ मागे उभं राहून झेलायची आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची. त्यांना कधी कोणी हार घातला नाही. मला मात्र दर दसऱ्याला ते हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. मला अगदी लाजल्यासारखं व्हायचं.

दुपारी पत्रा तापला की मला गुंगी येई. त्या गुंगीत माझ्यातून किती बोलणी वाहत गेली! कोणाचं बारसं, कोणाची रुसवाफुगवी, फुलांची गाडी निघाली की नाही. मी एकही शब्द ठेवून घेतला नाही. तरी कधी वाटतं, मधमाशीच्या पायाला पराग चिकटावा तसं थोडं काही राहिलं असेल.

आणि मग तो बुधवार आला. कोंडाजींची नात योगिनी डिप्लोमा झालेली. सातपूरच्या एका कारखान्यातून तिला निरोप होता, अकरा ते बारात फोन करू, चार प्रश्न विचारू. फोन लागला नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला नोकरी. तिचा मोठा भाऊ हर्षल सकाळीच पत्र्यावर चढला. बहिणीवर भारी जीव त्याचा! पण जिवापुढे अक्कल गहाण पडली. त्याने माझा आवाज पार वर नेऊन ठेवला. शिवाय, "मोठी छत्री घराकडं पायजे," म्हणत माझा कान डोंगराकडून फिरवून घराकडे केला.

मित्रांनो, आता माझा कान माझ्याच तोंडापुढे आला. मी बोललो, ते मलाच ऐकू आलं. वाटलं, कोणीतरी हाक मारतंय. म्हणून आणखी मोठ्याने बोललो. खरं सांगतो, मला आनंद होत होता. सगळीकडे मीच मी! टॉवर कुठे गेला, योगिनी कुठे गेली, शुद्धच नव्हती.

खाली साडेअकरा झाले. योगिनी रडकुंडीला आली होती. "दादा, काय करून ठिवलंस रे?"

"फोनात रेंजच्या पाची दांड्या हायेत की!"

"दांड्या काय चाटायच्यात? फोन लागत नाय!"

अंगणात बसलेल्या कोंडाजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "हर्षल, सप्त्यात माइक भोंग्यापुढं गेला तवा कसा किंचाळला व्हता? तेच केलंस बघ. त्याचा कान डोंगराकडं कर. अन् आवाज त्याचा त्याच्यावर सोड, बाबा."

तापल्या पत्र्यावर पाय भाजत हर्षल चढला. कान फिरला, आवाजही त्याने माझ्यावर सोडला. एकाएकी सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत फार लांबून टॉवरचा बारीक आवाज आला. मला माझीच लाज वाटली.

बाराला दहा कमी असताना फोन वाजला. दांड्या दोनच होत्या. "हो सर, योगिनीच बोलतेय." तिचा शब्द न् शब्द मी तळहातावर दिवा न्यावा तसा नेला.

त्याला आता सहा वर्षं झाली. योगिनी सातपूरला त्याच कारखान्यात असते. माझी वायर चिरली आहे, दसऱ्याची माळही कोणी घालत नाही. डोंगरावर नवा टॉवर येतोय, मग मी भंगारात जाईन. त्याचं मला दुःख नाही.

पण कोंडाजी आता आतल्या खोलीत खाटेवरच असतात. तिथे रेंज फार पातळ. जेवणाच्या सुट्टीत योगिनी फोन करते, "आबा, जेवलात का?" आतून येणारं उत्तर पकडायला मी थोडा आवाज वाढवतो, हवा तेवढाच. "जेवलो गं, पोरी." चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याची ओळ झेलली, त्यांची ओळ आता मी झेलतो.

म्हणून मित्रांनो, मला उतरवायचं तेव्हा खुशाल उतरवा. तोवर मात्र माझा कान डोंगराकडेच राहू द्या.