पहिल्या मासोळीचं परीक्षण

‘लेखिकेने आयुष्यात एकदा तरी तलाव पाहिला आहे काय, अशी शंका येते.’ एवढं लिहून झाल्यावर भय्याजींनी समाधानाने चहा मागितला.

बेबीबाईंनी कप ठेवता ठेवता नवऱ्याच्या खांद्यावरून कागद वाचला. “त्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं जी?”

“पुस्तक लिहिलं,” भय्याजी म्हणाले.

भय्याजींनी स्वतः जन्मात एकच पुस्तक लिहिलं होतं, भंडाऱ्याच्या तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या देवधर्मावर. हंगामाची पहिली मासोळी हे लोक पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या, देवीला दाखवतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात, हा त्यांचा शोध. त्यातून त्यांनी करुणेची प्राचीन परंपरा उभी केली होती. तेवढ्यावर शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. पुढची तीस वर्षं ते नागपूरच्या एका त्रैमासिकात धर्मविषयक पुस्तकांची परीक्षणं लिहीत आले. त्यांचं परीक्षण वाचून एका अभ्यासकाने लिहिणंच सोडलं, ही गोष्ट ते आल्यागेल्याला कौतुकाने ऐकवत.

ज्योत्सना नावाच्या या नव्या लेखिकेचं पुस्तक खरं तर चांगलं होतं. पण एकशे बाराव्या पानावर तळटीप होती: ‘पहिली मासोळी सोडण्याची प्रथा नाही. आधीच्या अभ्यासकाचा गैरसमज झालेला दिसतो.’ भय्याजींचं नावसुद्धा नव्हतं. पुरावाही दिला नव्हता. भय्याजींनी नेमकं तेच धरलं आणि चार पानं पोरीला सोलून काढलं.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता.

“ओयखलं का सर? मी एकोडीचा मनिराम. तुम्ही सायकलीनं येत होते पाळीवर, पुस्तकासाठी.”

भय्याजींनी ओळखलं. त्यांच्या पुस्तकाचा अर्धा भाग याच माणसाच्या तोंडून आला होता. “बस. काय काम काढलंस?”

मनिराम बसला नाही. “ज्योत्सना मायी पोरगी होय जी. पुस्तकावर सासरचं आडनाव हाय, म्हणून तुमच्या ध्यानात नसन आलं. पुढच्या सोमवारी कॉलेजात तिची नोकरीची मुलाखत हाय. तिथच्या सायबानं तुमचं लिवलेलं वाचलं. म्हणे, याचं उत्तर घेऊन या. तीन दिवस झाले, पोरगी जेवली नाही.”

“मग पुरावा द्यायचा होता तिने.”

“कसा देईन? ते बाहेर सांगाचं नसते.” मनिरामने दाराकडे एकदा पाहिलं. “आता सांगतो. पहिली मासोळी सोडत कोनी नाही जी. ती चंद्रभागाबाईच्या घरी जाते. तिचा मानूस तलावात बुडाला. पाण्यानं ज्याले नेलं, त्याच्या बाईनं पहिले खावं, मंग देवीनं, मंग आपन. आन मेलेल्याचं नाव परक्याजवळ काढत नाही. पोरीनं बी नाही काढलं. नुसतं लिवलं, सोडत नाही म्हणून.”

“मला तर सोडतो म्हणून सांगितलं होतंस!”

“तुम्हीच विचारलं, सोडून देता ना? म्या म्हटलं, हो. तुम्ही लय खुश झाले होते सर.”

भय्याजींना आठवलं. पाळीवरचं ऊन आठवलं आणि आपला आनंदही. खरंच त्यांनी तसंच विचारलं होतं. हा म्हातारा खरं बोलतो आहे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही, आणि म्हणूनच त्यांना भीती वाटली. मासोळी गेली की पुस्तक गेलं, आणि पुस्तक गेलं की भय्याजी म्हणून काहीच शिल्लक राहत नव्हतं.

“दोन ओळी लिवून द्या सर,” मनिराम हात जोडून म्हणाला. “मनिराम खोटं बोलला म्हणून लिवा. दोष माह्यावर टाका. पोरीले मालूम नाही मी आलो ते.”

भय्याजींनी चष्मा लावला. मग त्यांनी कोरा कागद ओढला, शाईचं पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मी, मनिराम, राहणार एकोडी, संशोधकांनी काही विचारले की त्यांना आवडेल ते सांगतो. खोटे सांगण्यात मला काही वावगे वाटत नाही. माझी मुलगी ज्योत्सना हिच्या पुस्तकातील माहितीही मीच सांगितलेली आहे.’

लिहिता लिहिता त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. हे पुढच्या अंकात जाणार होतं, आणि सोमवारच्या आत त्याची एक प्रत कॉलेजातही पोचणार होती. स्वतःच्या पुस्तकाचं काय करायचं, तेही त्यांनी तेवढ्या वेळात ठरवून टाकलं. ती माहिती आपल्याला दुसऱ्या गावातूनही मिळाली होती, असं छापायचं. ते गाव आता शोधायला कोण जाणार होतं?

“वाचून दाखवा ना जी,” मनिराम म्हणाला.

“मनिराम खोटं बोलला, असं आहे यात,” भय्याजींनी सांगितलं. “तू म्हणालास तसंच.”

“बस. आता होईन ना जी पोरीचं?”

“होईल.”

बेबीबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि नवऱ्याचा चेहराही पाहिला होता. त्या पदराला हात पुसत आत निघून गेल्या.

मनिरामने पेन मुठीत धरलं. एकेक अक्षर कोरत, जीभ दाताखाली धरून त्याने आपलं नाव पूर्ण केलं.

“पोरीनंच शिकवली जी सही,” तो हसून म्हणाला. मग शाई फिसकटू नये म्हणून त्याने कागदावर हळूच फुंकर घातली आणि तो दोन्ही हातांनी सरांना दिला.