बंद रानाचा कागद

बास्सूनं तुदाची कुऱ्हाड काढून घेतली तेव्हा मी मशिदीच्या भिंतीशी उन्हात बसलो होतो. मध्ये पडावंसं वाटलं, पण पडलो नाही.

"एकच फांदी व्हती," तुदा म्हणाली. "शेळी याली हाय माझी. सुक्या काटक्या चघळून दूध येतंय व्हय?"

"फांदी वली व्हती का न्हाई?"

"व्हती."

"मग कुऱ्हाड बर्फ पडंस्तवर माझ्याकडं."

"माझ्या मांडीवर मुतत व्हतास, बास्सू. आता मला कायदा शिकवतोस?"

"तवा राखणदार नव्हतो, लल्ला."

थोरल्या बाईला आमच्यात मानानं लल्ला म्हणतात. लोक हसले. तुदाही हसली. कुऱ्हाड मात्र गेली.

गावावरचा सगळा उतार जुनिपरच्या झाडांनी भरलेला आहे, आणि ते रान बंद असतं. आम्ही त्याला अग्दाल म्हणतो. पडलेलं लाकूड कुणीही न्यावं, ओल्या फांदीला हात लावायचा नाही. बर्फानं वाटा बुजल्या की राखणदार टेकाडावरून हाक देतो. मग घरटी एक भारा पाला, जनावरं तगावीत एवढाच. पलीकडच्या ताम्झरितवाल्यांनी आपलं रान कापून कोळसा केला. थोडं उरलंय, तेही रोज खेचरांवरून उतरतं.

त्याच वसंतात मराकेशच्या विद्यापीठातून सिहामबाई आल्या. हवामान, धूर आणि त्यावरची सरकारी धोरणं यांच्या अर्थशास्त्रावर त्यांचं संशोधन होतं. त्यांना आमची बोली येत नव्हती आणि गावात अरबी नीट येणारा निवृत्त मास्तर मी एकटाच, म्हणून दुभाष्या झालो. त्यांनी समजावलं ते असं: समुद्रापलीकडच्या कारखान्यांना धूर सोडायची मर्यादा घालून दिलेली असते. ज्याला जास्त सोडायचा, त्यानं दुसऱ्याची उरलेली परवानगी विकत घ्यायची, नाहीतर कुठंतरी झाडं तुटण्यापासून वाचवली गेली असतील तर त्यांचं श्रेय विकत घ्यायचं. असं श्रेय विकण्यासाठी आमचं गाव आणि ताम्झरित, यांतलं एक निवडलं जाणार होतं. निवडलेल्या गावाला मागेल ते एक काम करून मिळणार होतं.

आमचं मागणं ठरलेलंच होतं. खालचा झरा तीन वर्षं आटलेला. वरच्या झऱ्यापासून गावापर्यंत नळ हवा होता. तुदा सुजलेल्या गुडघ्यांनी दीड तास चढून पाणी आणायची. मुलगा कासाब्लांकाला बोलावत होता, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत. तिचं एकच उत्तर असे, "नळ आला तर मरंस्तवर हितंच. न्हाई आला तर बर्फानंतर जाईन."

बास्सूच्या घरी चहा झाला. सिहामबाईंनी वही उघडली.

"समजा, कुणी काहीच दिलं नाही, तर दहा वर्षांनी या रानाचं काय झालेलं असेल?"

मी बोलीत सांगितलं.

"व्हायचं काय?" बास्सू म्हणाला. "हाय तसंच असंल."

"एकही झाड जाणार नाही?"

"बाईस्नी सांगा मास्तर, आमी ताम्झरितवाले न्हाई म्हणावं."

"आणि दुष्काळ पडला तर?"

"ही आमाला चोर समजती का वो?" तुदा उसळली. "एका फांदीपायी ह्यानं माझी कुऱ्हाड न्हेलीया. दाव रं तिला, बास्सू."

बास्सूनं कुऱ्हाड आणून चहाच्या तबकाशेजारी ठेवली. सगळे खुशीत हसले. मलाही राहवलं नाही. घरी जाऊन पेटीतला कागद आणला. माझ्या पणजोबांनी लिहिलेला, अग्दालच्या नियमांचा, खाली सात घराण्यांची नावं. सिहामबाईंनी तो सावकाश वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग त्या हळूच माझ्याशी अरबीत बोलल्या. "मास्तर, जे रान तसंही वाचणारच होतं, ते वाचवल्याचं श्रेय विकता येत नाही. माझा प्रश्न त्यांना नीट समजलाय ना? हवं तर पुन्हा विचारते."

त्या थांबल्या होत्या. मला कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं, की लोक आताशा कापायला लागलेत. पुरावा म्हणून तुदाची कुऱ्हाड समोरच होती.

"समजलाय," मी म्हणालो.

खऱ्याची चाड होती, की पणजोबांच्या कागदाचा अभिमान, की नुसती भीड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पत्र शरदात आलं. त्याच भिंतीशी मी वाचून दाखवलं. ताम्झरितचं उरलेलं रान दहा वर्षांत संपलं असतं, म्हणून ते राखण्याला मोल होतं. आमच्या रानापुढं लिहिलं होतं, काही बदल अपेक्षित नाही.

दुकानदार अद्दीनं विचारलं, "म्हंजी आपुन कापलं असतं तर नळ आला असता?"

"हो."

"मंग कापू या की. पुढल्या साली या म्हणावं."

कुणी हसलं नाही, आणि कुणी उठलंही नाही. शेवटी बास्सू उठून घरी गेला. वर्षभरात धरलेल्या चार कुऱ्हाडी आणून त्यानं भिंतीशी टेकवल्या.

"ज्याची त्यानं न्या," तो म्हणाला. "मी बघणार न्हाई."

भिंतीवरचं ऊन सरलं. लोक घरी गेले. कुऱ्हाडी तिथंच होत्या. बास्सूनं त्या पुन्हा घरी नेल्या.

पत्राच्या शेवटी एक विनंती होती. ताम्झरितमध्ये आता रान राखायचं होतं, पण त्यांना नियम ठाऊक नव्हते. आमच्या कागदाची स्वच्छ नक्कल मिळेल का?

मी तुदाला विचारलं, काय करू?

"लिवा की," ती म्हणाली. "अक्षर चांगलं हाय तुमचं."

जानेवारीत बर्फ पडलं. बास्सूनं टेकाडावरून हाक दिली. तुदानं त्याच्याकडून कुऱ्हाड घेतली, वर गेली आणि एक भारा घेऊन उतरली. अद्दीनंही एकच भारा आणला.

"लल्ला, शेळी तर इकलीस," बास्सू म्हणाला. "पाला कुनाला?"

"माझ्या घराचा भारा हाय. का सोडू?"

भारा तिनं त्याच्याच दारात टाकला. त्यावर कुऱ्हाड ठेवली.

"ही बी ठिव. चौथ्या मजल्यावं काय कापू?"

आठवड्यानं वाट मोकळी झाली. तुदाचं बोचकं खेचरावर चढलं. खेचराच्या दुसऱ्या बाजूच्या थैलीत मी केलेली नक्कल होती, ताम्झरितला द्यायची. घाटाखाली रस्ता तिकडूनच जातो.

अक्षर चांगलं आलं होतं.