चेअरमनचा पूर्ण विश्वास

मी बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या, हवामान, फुटबॉलचे निकाल. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

मी शॉर्टवेव्हचा रेडिओ. चामडी पट्ट्याचा, बॅटरीवर चालणारा, जन्माने इंग्लंडचा. ऑल्डरबरी नावाच्या गिरण्यांच्या गावात एका म्हातारीकडे होतो. तिच्याकडे पुण्याचा जगन्नाथ भाड्याने राहायला आला, इंजिनिअरिंग शिकायला. दर शनिवारी दोघं मला मधे ठेवून ऑल्डरबरी टाउन क्लबची मॅच ऐकायची. तो अमेरिकेला निघाला तेव्हा तिने मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, क्लबला विसरू नकोस.

तो विसरला नाही, हे कबूल करतो. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घर घेतलं, तेलाच्या कंपनीत साहेब झाला, केस पिकले, तरी शनिवारी सकाळी नऊला मी किचनच्या खिडकीत असायचो आणि माझी वायर बाहेरच्या झाडावर. तिकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले. वसुधा, त्याची बायको, पोहे करायची आणि पावणेनऊला अनिल हजर व्हायचा. अनिल नागपूरचा, जगन्नाथच्याच हाताखालचा तरुण इंजिनिअर; त्याची बायको कांचन. कंपनीत त्याला यानेच आणलं होतं. फुटबॉलचं वेडही यानेच लावलं.

१९८३ साली टेड मार्लो आमच्या क्लबचा मॅनेजर झाला. संघ दुसऱ्या डिव्हिजनच्या तळाशी होता. या गड्याने गावातलीच पोरं गोळा केली, चिखलात पळवली, आणि एका हंगामात पहिल्या डिव्हिजनमध्ये नेऊन बसवली. त्या सकाळी जगन्नाथ फ्रिजला मिठी मारून नाचला होता. पुढे श्रीमंत क्लबांनी चांगली पोरं पळवली आणि १९८६ उजाडलं तेव्हा मार्लो ओळीने सात मॅच हरला होता.

फेब्रुवारीत क्लबचा चेअरमन माझ्यातून बोलला. मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे, म्हणाला.

जगन्नाथ खो खो हसला. "अनिल, लिहून ठेव. चेअरमन पूर्ण विश्वास म्हणाला की समजायचं, माणूस गेला."

"डेंजरस लोक आहेत यार, काका," अनिलही हसला.

त्याच दिवसांत तेलाचे भाव गडगडले होते. ह्यूस्टनमध्ये रोज माणसं घरी बसत होती. एका गुरुवारी वसुधा बाहेर गेलेली असताना जगन्नाथला त्याच्या साहेबाचा फोन आला. फोन माझ्या डोक्यावरच टांगलेला. संभाषण इंग्रजीत झालं, पण इंग्रजी माझी मातृभाषा. तुझ्या ग्रुपमधला एक माणूस कमी करायचा, नाव दे. जगन्नाथने अनिलचं नाव दिलं. का, तर तो समजूतदार आहे, तक्रार करणार नाही. त्याच्याकडचा मोठा रिपोर्ट महिनाअखेरीला पुरा होईल, तोवर कुणाला कळू देत नाही, हेही वर सांगितलं. मरेपर्यंत राबवून घ्यायचा आणि मग सोडायचा, बैलाला तरी बरं वागवतात.

शनिवारी अनिल आला तो बेचैनच. "काका, कॅलिफोर्नियातून, क्युपर्टिनोच्या एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलंय. मंगळवारी. पण ग्रीन कार्ड आपल्या कंपनीतून चाललंय, सोडलं तर सगळं पहिल्यापासून. कांचन म्हणते, काकांना विचार. माझा जॉब सेफ आहे ना?"

जगन्नाथ पोह्यांवर लिंबू पिळत होता. रस संपला तरी पिळत राहिला.

"अरे, मी आहे ना. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. तू रिपोर्ट संपव आधी."

मी खरखरलो, शिट्ट्या मारल्या, जे जे जमतं ते केलं. "आज स्टॅटिक फार आहे," म्हणून जगन्नाथने मलाच दोन चापट्या मारल्या. अनिलने त्याच फोनवरून क्युपर्टिनोच्या मित्राला कळवून टाकलं, येत नाही, इंटरव्ह्यू कॅन्सल कर.

महिनाअखेरीला, शुक्रवारी, रिपोर्ट दिल्यावर तासाभरात अनिलला काढलं. तरी शनिवारी पावणेनऊला तो आला, निरोप घ्यायला. क्युपर्टिनोची जागा भरली होती. वसुधाने डोळे पुसत त्याच्यापुढे पोहे ठेवले. तिला वाटत होतं, वरून ऑर्डर आली, आपला नवरा तरी काय करणार.

नऊला मी बातमी दिली. टेड मार्लोला काढलं. त्याला स्वतःला ते बायकोकडून कळलं होतं, आणि तिला शेजारणीकडून.

जगन्नाथ उसळला. "नालायक लेकाचे! तीन वर्षं रक्त आटवलं त्याने. तोंडावर सांगायची हिंमत नाही? वेळेवर सांगितलं असतं तर दुसरा क्लब तरी बघता आला असता त्याला!"

अनिलने बशी खाली ठेवली. "काका, माझं तुम्हाला कधी कळलं होतं?"

जगन्नाथने हात पुढे केला आणि माझा आवाज वाढवला.

इतक्या वर्षांत माझा असा वापर कुणी केला नव्हता. त्याच्या लाजेवर पांघरूण म्हणून मी केकाटत राहिलो. वसुधा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. अनिलने नेहमीसारखी आपली बशी विसळली, "येतो काकू," म्हणाला आणि गेला. जगन्नाथकडे तो एकदाही वळला नाही.

वसुधाने मला उचललं, पाठ उघडली, बॅटऱ्या काढल्या. "या घरात एक चेअरमन पुरे झाला," म्हणाली.

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये, गवत कापायच्या मशीनशेजारी. टेक्सासच्या उकाड्यात माझं चामडं सुटत चाललंय. अनिल आणि कांचन नागपूरला परतले, हे वसुधाच्या बोलण्यातून कळलं. जगन्नाथ शनिवारी सकाळी मशीनचं निमित्त करून येतो. खिशात नव्या बॅटऱ्या असतात, वाजतात. मला पुसतो, पाठ उघडतो आणि पुन्हा बंद करून ठेवतो.

जगन्नाथ, आधी नागपूरला फोन लाव. अनिलने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दे, तारखेसकट. ते होत नसेल तर त्या बॅटऱ्या खिशातच राहू देत. तुझ्यासाठी मी आता आवाज वाढवणार नाही.