पपईच्या बिया

"व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?" गोरक्षनाथ गुरुजींनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारलं.

"डाटर," विमलबाई म्हणाल्या. "डिलिव्हरी."

"शाब्बास. हाऊ मेनी डेज?"

"थर्टी."

"थर्टी डेज म्हना. आनि पदर सोडा त्यो. पदर पिळत उभं ऱ्हायलं की साहेबाला वाटतं, बाई कायतरी लपवतीय."

विमलबाईंनी पदर सोडला. मग हाताचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी तो कमरेवर ठेवला, तर गुरुजी म्हणाले की तुम्ही साहेबाशी भांडायला चाललाय का. कॉटवर बसलेले रंभाजी खो खो हसले आणि बायकोने वळून पाहिलं तसे एकदम गप्प झाले.

उद्या अकरा वाजता गाडी येणार होती. सोनईहून मुंबई, मुंबईहून विमानाने सिंगापूर. एकटीने. घरात दोन शेळ्या आणि एक गाभण म्हैस, त्यामुळे रंभाजींना हलता येणार नव्हतं. विमलबाईंचं वय एकोणसाठ. त्यातली सत्तावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवण्यात आणि पोरांची नाकं पुसण्यात गेली. प्रवास म्हणाल तर सहा डिसेंबरला दादरला आणि दोनदा नागपूरला दीक्षाभूमीवर. पण त्या प्रवासात सगळी गल्लीच बरोबर असते. माणूस चुकलंच तर माईकवरून नाव पुकारतात. सिंगापूरच्या विमानतळावर 'सोनईच्या विमलबाई जिथं असतील तिथून मंडपाकडे यावं' असं कोण पुकारणार होतं?

तयारी मात्र त्यांनी कसून केली होती. सरकत्या जिन्याची भीती मोडावी म्हणून गेल्या आठवड्यात त्या नवऱ्याला घेऊन नगरला एका मोठ्या दुकानात गेल्या. जिन्यापुढे पाऊण तास उभ्या राहिल्या. शेवटी डोळे मिटून पाय टाकला आणि वर पोचल्यावर खाली यायला पुन्हा पाऊण तास घेतला. जावयाचा फोन नंबर तीन चिठ्ठ्यांवर लिहून घेतला होता. एक पर्समध्ये, एक ब्लाउजमध्ये, आणि या दोन्ही हरवल्या तर असावी म्हणून एक चपलेच्या आत.

हे सगळं कशासाठी, ते गल्लीला ठाऊक होतं. लेक सीमा तिकडे नर्स होती, जावई चेतन बंदरावर नोकरीला. दोन वर्षांपूर्वी सीमाचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा विमलबाईंकडे पासपोर्ट नव्हता. मोबाईलच्या पडद्यावर लेकीचा सुजलेला चेहरा बघत त्या नुसतं "रडू नको, रडू नको" म्हणत राहिल्या होत्या, आणि त्या स्वतःच रडत होत्या. पुढच्याच आठवड्यात कुणाला न विचारता त्या पासपोर्टसाठी फोटो काढून आल्या. आता सीमाला पुन्हा दिवस होते, नववा लागला होता. या वेळी काही झालं तरी पोचायचं, एवढी एकच गोष्ट विमलबाईंच्या डोक्यात घण घातल्यासारखी वाजत होती.

"आता ती यादी काढा," गुरुजी म्हणाले. "तिकडं काय न्यायचं न्हाई त्याची."

चेतनने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी इंग्रजीत होती. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले; आयुष्यभर भूगोल शिकवला, पण गल्लीतलं इंग्रजी त्यांच्याकडेच होतं. बँकेचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, लोक त्यांच्याकडेच यायचे.

"च्युइंग गम," गुरुजींनी वाचलं.

"गम?" विमलबाईंनी लाडवांच्या डब्याकडे पाहिलं. "गम म्हंजी डिंकच की! माझ्या लाडवात डिंक हाय गुरुजी!"

झालं. घरात एकच धांदल उडाली. गुरुजी सांगत होते की हा चघळायचा गम आहे, बाभळीचा नव्हे. पण विमलबाईंचा जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी रंभाजींनी चेतनला फोन लावला. तो कामावर होता, घाईत म्हणाला, "डिंक चालतो मामा, बिनधास्त आणू द्या."

तेव्हा कुठे विमलबाई खाली बसल्या. गुरुजींनी पुढचं वाचलं. "तंबाखू न्हाई. फटाके न्हाई. पॉपी... पॉपी सीड्स." ते क्षणभर अडखळले. मग मान डोलावून म्हणाले, "पपई. पपईच्या बिया न्यायच्या न्हाईत."

"पपईच्या बिया कोन नेतंय बाई!" विमलबाईंना हसू आलं. आणि मग त्यांना त्यातली गोष्ट उमगली. "पर बरोबर हाय त्यांचं. गरवार बाईला पपई देऊ नये. तिथल्या सरकारलाबी कळतं म्हना की!"

गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना सिंगापूर थोडं आपलं वाटलं. पपई उष्ण असते हे ज्यांना कळतं ती माणसं अगदीच परकी नसणार. त्या रात्री त्यांना झोपही बरी लागली.

सकाळी आठ वाजता सीमाचा व्हिडिओ कॉल आला. भरलेली बॅग दाराशी तयार होती. सीमाच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, पण आवाज खुशीत होता.

"आई, लाडू केलेस?"

"यकसष्ट केलेत."

"काय काय घातलंस? सांग ना, नुसतं ऐकूनच बरं वाटतं."

विमलबाईंनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "डिंक तळून. खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी थोडीच, तुला कडू लागती म्हनून. गूळ, साजूक तूप. आनि खसखस. खसखस जरा जास्तच घातली, तुला झोप न्हाई लागत म्हनतीस ना."

पडद्यावर सीमाचा चेहरा होता तसाच थांबला.

"रेंज गेली वाटतं," विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या. "सीमे? ऐकू येतंय का?"

"ऐकू येतंय," सीमा म्हणाली. "आई, खसखस चालत नाही. लिस्टमध्ये होती ती."

"न्हाई बाई. लिस्टमधी पपईच्या बिया हुत्या."

"कसल्या पपईच्या बिया! पॉपी सीड्स म्हणजे खसखस, आई. इथं ती अफूमध्ये धरतात. सापडली तर पोलीस केस होते. तुला तिथूनच बाजूला घेतील. एक दाणासुद्धा नको, कळतंय का? एक दाणा!"

विमलबाईंनी बॅग जवळ ओढली. फोन रंभाजींनी धरला. विमलबाईंच्या डोळ्यांपुढे विमानतळ नव्हता, लेकीचं बाळंतपण चाललेलं होतं आणि आपण कुठल्यातरी खोलीत पोलिसांपुढे बसलोय असं दिसत होतं. डाटर, डिलिव्हरी, थर्टी डेज. कोण ऐकणार होतं ते?

"मग मी काय घेऊन यू?" त्या फोनकडे वळून म्हणाल्या. "मागच्या टायमाला आले न्हाई. आता आले तर रिकाम्या हातानं यू? आई म्हनून काय तोंड दाखवू तुला?"

सीमाने फोन चेहऱ्याजवळ घेतला. मग बोलली ती हळू.

"मागच्या वेळी पण मी बाळंतीणच होते, आई. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. काय करायचं ते मला माहीत होतं, मी नर्स आहे. पण कुणी जवळ नव्हतं. तेव्हा तू फोनवर म्हणालीस, आता लाडू कुणासाठी करायचे."

विमलबाईंना ते आठवत होतं. खारीक कुटून ठेवलेली होती, ती त्यांनी अंगणवाडीत नेऊन पोरांना वाटून टाकली होती. बाळ नाही म्हणजे बाळंतीण नाही, इतकं साधं वाटलं होतं त्यांना. या गोष्टीचा त्यांनी पुन्हा कधी विचारही केला नव्हता. आज तो त्यांना करावा लागला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं, सीमे," त्या म्हणाल्या.

"लाडू नको होते गं मला. तू हवी होतीस." सीमाने नाक पुसलं. "आता वेळ घालवू नको. ती बॅग बदल, कपडे बदल. आणि ये."

फोन बंद झाला. घड्याळात साडेआठ झाले होते.

खसखशीच्या दाण्याला कधी शोधून पाहिलंय का कुणी? लाडवांचा डबा बॅगेतून काढला तर झाकण सैल होतं. बॅगेच्या तळाशी, सुती साडीच्या घडीत, टॉवेलच्या धाग्यांत, जिथे पाहावं तिथे पांढुरके बारीक दाणे. रंभाजींनी बॅग अंगणात उलटी करून बडवली. विमलबाई साडी झटकायच्या, उन्हात धरायच्या, पुन्हा झटकायच्या. झटकलेला दाणा उडून चोळीवर बसला की काय, म्हणून चोळी झटकायच्या. शेळ्या भेदरून दाव्याला ओढ देत होत्या.

एवढ्यात गुरुजी निरोप द्यायला म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले. रंभाजींनी झालेलं सांगितलं. गुरुजींचा चेहरा पडला.

"पी, ओ, पी, पी, वाय," ते पुटपुटले. "डिक्शनरी घरात हाय माझ्या. उघडली न्हाई मी." आणि आल्या पावली निघून गेले.

"रागावले वाटतं," रंभाजी म्हणाले.

"रागवू द्या. माझी साडी धरा तुमी तिकडून," विमलबाई म्हणाल्या. नंतर त्यांनाच वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

दहा मिनिटांत गुरुजी परत आले. हातात निळी बॅग होती. शाळेने निवृत्तीच्या दिवशी दिलेली, आत दुकानाचा कागद अजून तसाच होता.

"कोरी हाय," ते म्हणाले. "तिच्यात कायबी गेलेलं न्हाई आजवर." त्यांनी विमलबाईंकडे पाहिलं नाही. ते अंगणात बसले आणि चष्मा डोळ्यांजवळ ओढून चपलेच्या शिवणीतले दाणे काडीने काढू लागले. विमलबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. 

बॅगेत शेवटी काय गेलं? कपाटातल्या, लाडवांच्या खोलीत न आलेल्या चार साड्या. स्वेटर. जुन्या धुवट लुगड्याची शिवलेली दोन दुपटी, तीही तीनदा धुतलेल्या हाताने उचललेली. बस्स. विमलबाईंनी डोक्यावरून अंघोळ केली आणि नखं पिनेने कोरून कोरून लाल केली.

"येक लाडू खाऊन तरी जा," रंभाजी म्हणाले. "उपाशी हायेस सकाळधरनं."

"खुळे का काय तुमी! पोटातला मशिनीत दिसला तर?"

"मग यकसष्ट लाडवांचं करू काय मी?"

"खावा तुमीच. व्हा बाळंतीण," विमलबाई म्हणाल्या, आणि त्या गडबडीतही दोघं हसले. मग हसता हसता रंभाजींनी तोंड फिरवलं.

अकराला ओळखीचा ड्रायव्हर अजिनाथ गाडी घेऊन आला. गल्लीतल्या बाया दारांत उभ्या होत्या. विमलबाई कुणाच्या गळ्यात पडल्या नाहीत. कुणाच्या पदराला खसखस असेल काय सांगावं. त्यांनी लांबूनच हात जोडले, "जय भीम" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. हाताला कुठे दाणा चिकटू नये म्हणून रस्ताभर त्यांनी मुठी मिटलेल्या ठेवल्या. अजिनाथने दोनदा विचारलं, "काकू, गारठलाय का?"

मुंबईच्या विमानतळावर अजिनाथ दारापर्यंतच येऊ शकत होता. पुढे त्या एकट्या. एक पोलीस साखळीला धरलेलं कुत्रं घेऊन शेजारून गेला तेव्हा विमलबाईंनी श्वास रोखून धरला. कुत्र्याने त्यांच्या चपलेचा वास घेतला आणि ते पुढे गेलं. विमलबाई तिथेच भिंतीला टेकल्या.  मग सरकता जिना आला, तो त्या डोळे उघडे ठेवून चढल्या. दोन ठिकाणी तिकीट दाखवून विचारत विचारत त्या काउंटरपर्यंत पोचल्या.

काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. तिने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. सहा किलो चारशे ग्रॅम.

"एवढंच, मावशी? अजून कितीतरी नेता आलं असतं तुम्हाला."

"येवढंच."

"कुणाकडे चाललात?"

"लेकीकडं. बाळंतपनाला."

"अरे वा!" मुलगी पट्टी छापता छापता हसली. "पहिलंच नातवंड का?"

'हो, पहिलंच' हे तयार उत्तर विमलबाईंच्या ओठांवर होतं. गल्लीत, अंगणवाडीत, रेशनच्या रांगेत, विचारेल त्याला गेले काही महिने त्यांनी तेच दिलं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरं."

मुलीने बॅगेला पट्टी बांधली. बॅग पट्ट्यावरून हलत हलत पडद्याआड गेली. विमलबाईंनी मुठी उघडल्या आणि पासपोर्ट घ्यायला हात पुढे केला.